माशाला कोणते पाणी शुद्ध?



या व्याख्यानमालेत धर्म, राजकारण, साहित्य, अर्थकारण असे भारदस्त विषय मांडले जातात. त्यांच्या पंक्तीला माशांच्या काचपेटीतील पाणी आणून बसवले, तर ते कोणाला किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु विषय दिसतो तितका किरकोळ नाही. शुद्ध तूप, शुद्ध हवा, शुद्ध पाणी असा 'शुद्ध' हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो. मात्र शुद्ध म्हणजे कोणासाठी शुद्ध आणि कशापासून शुद्ध, हे आपण क्वचितच विचारतो. तो प्रश्न न विचारल्याचा परिणाम अनेक घरांच्या दिवाणखान्यात पाहावयास मिळतो, आणि तो मुकाट्याने भोगणारा प्राणी म्हणजे मासा होय.

प्रकार बहुधा असा घडतो. मुलांच्या हट्टाखातर घरात एक काचपेटी येते. तळाशी रंगीत वाळू, एखादी पाणवनस्पती, बुडबुडे सोडणारा छोटा पंप आणि चारसहा मासे असा संसार मांडला जातो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो व तो माशांना बाधतो, एवढे कोणाकडून तरी ऐकलेले असते. मग घरातील मंडळी सद्‌भावनेने विचार करतात की, आपण पितो तेच पाणी या मुक्या जिवांना द्यावे. स्वयंपाकघरातील भिंतीवरच्या यंत्रातून बादल्या भरल्या जातात. पाणी दिसते स्फटिकासारखे. पहिले काही दिवस बरे जातात. पुढे एक मासा कोपऱ्यात तोंड खुपसून राहतो, दुसरा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतो, तिसऱ्याचे पर मिटून जातात; आणि महिन्या-दोन महिन्यांत पेटी रिकामी होते. घरातील वडील मंडळी उसासा टाकून म्हणतात, "आपल्या घराला मासे लाभत नाहीत."

परंतु हा प्रश्न लाभण्या-न लाभण्याचा नव्हे, रसायनशास्त्राचा आहे. माणसासाठी पाणी शुद्ध करताना आपण जे काढून टाकतो त्यात माशाचा आधार असतो, आणि जे राहू देतो किंवा मिसळतो ते कधीकधी त्याला विष ठरते. आजच्या व्याख्यानाचे सूत्र एवढेच आहे. आता ते उलगडून पाहू.

आपल्याकडे माशांना घरच्या पाण्यात ठेवण्याची कल्पना नवी नाही. विहिरीत मासे किंवा कासव सोडण्याची चाल अनेक गावांत होती. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून हौदात गप्पी मासे सोडण्याचा उपक्रम आरोग्य खात्याकडून चालतो. विहिरीतले आणि हौदातले हे मासे वर्षानुवर्षे जगतात आणि त्यांची प्रजाही वाढते. त्या पाण्याला कोणी गाळणी लावलेली नसते. खडकातून झिरपताना पाण्याने चुना, मॅग्नेशियम आणि कार्बोनेट बरोबर आणलेले असतात. माशाच्या दृष्टीने ही शिदोरीच होय.

प्रथम माणसाचे पाण्याशी नाते आणि माशाचे पाण्याशी नाते यांतील भेद लक्षात घेतला पाहिजे. माणूस दिवसाकाठी दोनतीन लिटर पाणी पितो. त्याला लागणारे क्षार भाजीभाकरीतून मिळतात, आणि प्यालेले पाणी जठर-आतड्यांच्या वाटेने रक्तात जाते. मासा पाण्यात राहतो, त्यातच श्वास घेतो आणि आपले मलमूत्रही त्यातच सोडतो. त्याच्या कल्ल्यांत रक्त आणि बाहेरचे पाणी यांच्यामध्ये पेशींचा अतिशय पातळ पडदा असतो. प्राणवायू आत यावा म्हणून तो पातळ असावाच लागतो, पण तोच पातळपणा त्याला पाण्यातील प्रत्येक बदलापुढे उघडा पाडतो. तेव्हा माशाचे पाणी म्हणजे त्याची हवा, त्याचे घर आणि काही अंशी त्याचे मीठही आहे.

या मिठाचा हिशोब समजण्यासाठी स्वयंपाकघरात डोकावले तरी पुरे. मनुका पाण्यात टाकल्या की टम्म फुगतात. काकडीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते. दोन्हीकडे नियम एकच आहे. विरळ द्रव आणि दाट द्रव यांच्यामध्ये पाणी जाऊ देणारा पण क्षार अडवणारा पडदा असला, तर पाणी विरळाकडून दाटाकडे जाते. या क्रियेला तर्षण किंवा परासरण म्हणतात. फ्रान्समधील आबे नोले या विद्वानाने १७४८ साली तिचे निरीक्षण नोंदवले. गोड्या पाण्यातील मासा हा या दृष्टीने पाण्यात टाकलेल्या मनुकेसारखाच आहे. त्याच्या रक्तातील विरघळलेल्या द्रव्यांचे प्रमाण समुद्राच्या पाण्याच्या सुमारे एक तृतीयांश असते, आणि नदी-तळ्याचे पाणी त्यापेक्षा कितीतरी पटींनी विरळ असते. त्यामुळे रात्रंदिवस त्याच्या अंगात पाणी शिरत असते.

मनुका फुगून फुटते, पण मासा फुटत नाही. कारण त्याची मूत्रपिंडे अखंड पाणी उपसून बाहेर टाकतात. मात्र या उपशाबरोबर थोडे मीठही जाते, आणि ते भरून काढण्यासाठी कल्ल्यांतील काही विशेष पेशी बाहेरच्या पाण्यातून क्षार वेचून आत घेतात. ऑगस्ट क्रॉग या डॅनिश शास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात गोल्डफिशसारख्या माशांवर प्रयोग करून दाखवले की, अतिशय विरळ पाण्यातूनही कल्ले क्लोराइड ओढून घेऊ शकतात. पण या वेचणीला शक्ती खर्च होते. बाहेरचे पाणी जितके विरळ, तितकी उपसा करण्याची आणि वेचण्याची मेहनत अधिक. शिवाय पाण्यातील कॅल्शियम कल्ल्याच्या पेशींचे सांधे घट्ट धरून ठेवते. ते कमी पडले की सांधे सैल होतात आणि मीठ अधिक वेगाने गळू लागते. म्हणजे पाण्यातून चुना काढून टाकला की माशाची आवक घटते आणि गळतीही वाढते. अशा माशाला लगेच मरण येत नाही. तो अशक्त होतो, आणि एरवी त्याने सहज झटकून टाकला असता असा रोग त्याला घेऊन जातो. म्हणूनच खरे कारण पुष्कळदा ध्यानात येत नाही.

आता आपल्या घरातील गाळण्यांकडे वळू. 'फिल्टरचे पाणी' हा एकच शब्द आपण वापरतो, पण त्याखाली निरनिराळी पाणी झाकली जातात.

पहिला प्रकार मातीच्या किंवा चिनी मातीच्या मेणबत्तीसारख्या गाळणीचा. ती गाळ आणि बरेचसे जंतू अडवते. विरघळलेले सारे तिच्यातून पार होते. दुसरा प्रकार अतिनील किरणांच्या दिव्याचा, ज्याला आपण यू. व्ही. म्हणतो. तो जंतू मारतो, पण क्षारांना हात लावत नाही, आणि नुसता दिवा क्लोरीन काढण्याच्या कामी विसंबण्याजोगा नाही. तिसरा प्रकार कोळशाचा. सक्रिय कोळसा क्लोरीनचे रूपांतर निरुपद्रवी क्लोराइडमध्ये करतो, वास आणि काही सेंद्रिय द्रव्ये धरून ठेवतो. कॅल्शियम मात्र सोडून देतो. हे पाणी माशांना पुष्कळदा मानवते. अडचण एवढीच की कोळशाची शक्ती मर्यादित असते आणि ती केव्हा संपली हे डोळ्यांना दिसत नाही. नळी बदलण्याची मुदत टळून गेलेल्या घरात 'गाळलेले' पाणी क्लोरीनसह पेटीत जाते. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेला असावा लागतो. माणसाच्या रक्षणासाठी ते योग्यच आहे. पण माशाच्या कल्ल्यांना त्याहून कितीतरी कमी क्लोरीनही सतत लाभला तर भाजून काढतो.

चौथा प्रकार उकळून गार केलेल्या पाण्याचा. उकळताना पाण्यातील प्राणवायू निघून जातो, आणि चुन्याचा काही भाग भांड्याच्या बुडाशी पांढऱ्या थराच्या रूपाने बसतो. तो पांढरा थर म्हणजे माशाच्या शिदोरीतून वजा झालेला भाग समजावा. तुरटी फिरवलेल्या पाण्याचेही असेच आहे. तुरटी गाळ खाली बसवते, पण त्याबरोबर पाण्यातील अल्कता खर्च करते आणि पाणी आंबटाकडे झुकवते.

पाचवा आणि आज घरोघरी दिसणारा प्रकार आर. ओ. म्हणजे उलट्या तर्षणाचा. मघाशी सांगितलेला निसर्गक्रम येथे दाब देऊन उलटवलेला असतो. पाण्याला दाबाखाली सूक्ष्म पडद्यातून ढकलतात. पाणी पार होते आणि क्षार मागे राहतात. हा पडदा व्यवहारात आणण्याचे श्रेय कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस शाखेतील सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन या दोघांकडे जाते. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी हे काम केले, आणि १९६५ साली कॅलिफोर्नियातील कोलिंगा गावी या पद्धतीने खारट पाणी गोडे करण्याचे केंद्र सुरू झाले. त्यांच्यापैकी सौरिराजन हे भारतात जन्मलेले, याचा आपल्याला अभिमान वाटावा. ज्या गावी पाणी खारे, तेथे हा शोध वरदान आहे. पण खारे पाणी गोडे करण्याचे हे साधन आपण मुळातच गोड्या असलेल्या धरणाच्या पाण्यालाही लावू लागलो. पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असतील तेथे अशा यंत्रांना मनाई करावी, असा निर्देश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली दिला, तो मुख्यत्वे वाया जाणाऱ्या पाण्याच्या दृष्टीने. माशाला त्या निर्देशामागचे कायदे कळत नाहीत. पण विरळ पाणी आणखी विरळ केल्याची झळ त्याला लागते.

येथपर्यंत माशाच्या मिठाचा विचार झाला. दुसरा धोका याहून गंभीर आहे, कारण तो एका रात्रीत येतो. मासा आपल्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य कुजूनही अमोनिया होतो. अमोनिया माशाला विषारी आहे. वाळूत आणि पंपाच्या स्पंजात राहणारे एक प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, आणि दुसरे त्याचे तुलनेने सौम्य असे नायट्रेट करतात. सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास या जीवाणूंचे कार्य सिद्ध केले. त्याच्या चाळीस वर्षे आधी, १८५० साली, रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनज्ञाने गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एका काचपात्रात एकत्र ठेवून त्यांचा मेळ जमतो असे दाखवले होते. पण त्या मेळाच्या पाठीशी हे अदृश्य जीवाणू राबत असतात, याची तेव्हा कल्पना नव्हती.

हे जीवाणू काम करताना आम्ल निर्माण करतात. अमोनियारूपातील १ ग्रॅम नायट्रोजनची विल्हेवाट लावताना, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने मोजली तर सुमारे ७ ग्रॅम अल्कता खर्च होते. अल्कता म्हणजे आम्लाला गिळून टाकणारी पाण्यातील राखीव पुंजी. नळाच्या पाण्यात ती लिटरला १५० मिलिग्रॅम आहे असे धरा. १०० लिटरच्या पेटीत ती १५ ग्रॅम झाली. त्याच पेटीत आर. ओ.चे पाणी भरले आणि त्यात अल्कता लिटरला १० मिलिग्रॅम असली, तर सारी पुंजी १ ग्रॅमची. पंधरा महिने चालणारा कोठार आणि एका महिन्यात रिकामा होणारा डबा, यांत जो फरक तोच येथे आहे.

पुंजी संपली की पाण्याचा पी. एच. कोसळतो. आम्लता मोजण्याचे हे माप कोपनहेगनमधील सोरेन्सन या रसायनज्ञाने १९०९ साली दिले. ७ हा त्याचा मध्यबिंदू, आणि एका अंकाचा फरक म्हणजे दहापट आम्लता. पी. एच. ६च्या आसपास येऊ लागला की जीवाणूंचे काम मंदावते आणि अमोनिया साचू लागतो. गंमत अशी, किंबहुना दुर्दैव असे की, आम्लधर्मी पाण्यात हा अमोनिया जवळजवळ सगळा अमोनियमच्या सौम्य रूपात असतो, त्यामुळे मासे कसेबसे तग धरतात. मालकाला वाटते, पाणी फार दिवसांचे झाले. तो एका दिवशी अर्धी पेटी रिकामी करून ताजे, अल्कधर्मी पाणी ओततो. २५ अंश तपमानाला पी. एच. ७ असता एकूण अमोनियापैकी शेकडा अर्धा भागच विषारी रूपात असतो. ८ असता तोच भाग शेकडा ५पर्यंत जातो. म्हणजे पी. एच. ६चा एकदम ८ झाला, तर विषाचा अंश सुमारे शंभरपट होतो. संध्याकाळी पाणी बदलले आणि सकाळी मासे उलटे तरंगत होते, अशा कहाण्यांचे मूळ पुष्कळदा येथे असते. लोक दोष देतात त्या शेवटच्या बादलीला. खरा दोष आधीच्या कित्येक आठवड्यांच्या रित्या पाण्याचा असतो.

ही घसरण किती नकळत होते, ते साध्या गणिताने पाहता येईल. समजा, पेटीतील पाण्याचे काठिण्य लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी काढून त्या जागी १० मिलिग्रॅम काठिण्याचे आर. ओ.चे पाणी घातले. पहिल्या आठवड्यानंतर काठिण्य सुमारे २२८ होते, दुसऱ्यानंतर १७३, तिसऱ्यानंतर १३२ आणि चौथ्यानंतर १०२. महिन्याभरात ते एक तृतीयांशावर आले. एवढ्या काळात पाण्याच्या रंगात, वासात, नितळपणात तिळमात्र फरक पडलेला नसतो.

आता जे मिसळले जाते त्याचा विचार करू. काही घरांत, विशेषतः जेथे बोअरचे पाणी येते तेथे, सबंध इमारतीला पाणी मऊ करणारे यंत्र असते. त्यातील राळ कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवते आणि त्यांच्या बदल्यात सोडियम सोडते. साबणाला फेस चांगला येतो, नळांवर थर बसत नाही. पण माशाचे कल्ले सांधून ठेवणारे कॅल्शियम गेले, आणि त्याची जागा सोडियमने घेतली. गोगलगायींचे शंख झिजू लागतात, झिंग्यांना कात टाकणे जड जाते. आणि येथेच आपले आवडते उपकरण आपल्याला फसवते. टी. डी. एस. मीटर पाण्याची विद्युत्‌वाहकता मोजून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. चुना जाऊन सोडियम आले तरी आकडा जवळपास तोच राहतो. क्लोरीन, अमोनिया, तांबे हे माशाला मारण्याइतके असूनही त्या आकड्यात दिसत नाहीत. मीटर किती क्षार आहेत ते सांगतो. कोणते आहेत ते सांगत नाही.

तांब्याचा उल्लेख आला, तो महत्त्वाचा आहे. तांब्याच्या कळशीतील पाणी प्रकृतीला चांगले, ही आपल्याकडील जुनी समजूत. अलीकडे तर पाण्यात तांबे मिसळणारी यंत्रेही निघाली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादेप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत तांबे माणसाला चालते. मऊ पाण्यात मात्र मिलिग्रॅमच्या दशांशाइतके, कधी त्याहूनही कमी तांबे नाजूक माशांना, झिंग्यांना आणि गोगलगायींना मारण्यास पुरते. पाणी कठीण असेल तर कॅल्शियम आणि कार्बोनेट तांब्याचा जोर बराच मोडतात. आर. ओ.च्या पाण्यात ते रक्षकच उरलेले नसतात. क्षार काढून मग तांबे मिसळणे, म्हणजे पहारेकरी घालवून चोराला आत बोलावणे होय. जंतू वाढू नयेत म्हणून काही कोळशांना व मेणबत्त्यांना चांदीचा अंश लावलेला असतो. सुटे चांदीचे आयनही कल्ल्यांची मीठ वेचण्याची क्रिया बंद पाडतात. म्हणून असे साधन पेटीसाठी न वापरणे बरे.

"पण आमच्या यंत्रात खनिजे घालणारी नळी आहे," असे कोणी म्हणेल. ती नळी माणसाच्या जिभेला चव लागावी इतपत खनिजे देते, आणि वापराबरोबर तिचा पुरवठा उतरत जातो. काही यंत्रांत न गाळलेले थोडे पाणी मिसळणारी चकती असते. तंत्रज्ञ ती जेथे फिरवून ठेवील त्यावर पाण्याचे स्वरूप ठरते. एकाच कंपनीच्या यंत्रातून दोन शेजारी घरांत दोन निराळी पाणी निघतात ती यामुळे. तसेच यंत्रातून बाहेर पडणारे नाकारलेले पाणी वाया जाऊ नये म्हणून पेटीत ओतणे, हाही उपाय नव्हे. त्यात क्षार दाटून आलेले असतात, आणि पडद्यावर थर बसू नये म्हणून वापरलेली फॉस्फेटेही असू शकतात. ते पाणी लादी पुसण्यास योग्य.

मग हे गाळलेले पाणी सर्वथा वर्ज्यच काय? तसे म्हणणे म्हणजे एका अंधश्रद्धेच्या जागी दुसरी बसवण्यासारखे होईल. आर. ओ.चे पाणी हे कोऱ्या कागदासारखे आहे. त्यावर काय लिहावयाचे हे ठाऊक असणाऱ्याला त्याचा मोठा उपयोग. सर्वांत सोपा उपयोग वाफ होऊन गेलेल्या पाण्याची भरपाई करण्याचा. वाफेबरोबर फक्त पाणी जाते, क्षार मागे राहतात. १०० लिटरच्या पेटीतून उन्हाळ्यात आठवड्याला १० लिटर पाणी उडाले आणि ते ३०० मिलिग्रॅम काठिण्याच्या नळाच्या पाण्याने भरले, तर दर आठवड्याला ३ ग्रॅम क्षारांची भर पडते. निव्वळ भरच घालत राहिले आणि पाणी बदललेच नाही, तर दहा आठवड्यांत काठिण्य दुप्पट होईल. ही भरपाई आर. ओ.च्या पाण्याने केली तर काठिण्य होते तेथेच राहते. येथे उडालेली वाफच आपण परत देत असतो.

दुसरा उपयोग पाणी जुळवून घेण्याचा. मासा कोणत्या कुळातला हे प्रथम पाहिले पाहिजे. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील रिओ निग्रो नदीचे पाणी पावसाच्या पाण्याइतके विरळ आणि आम्लधर्मी; तेथील कार्डिनल टेट्रासारख्या माशांचे कल्ले त्याच पाण्यासाठी घडलेले आहेत. उलट आफ्रिकेतील टांगानिका सरोवराचे पाणी कठीण, आणि त्याचा पी. एच. ९च्या आसपास. मोली, गप्पी आणि गोल्डफिश यांना मध्यम ते कठीण पाणी मानवते. म्हणजे एका माशाचा प्राण वाचवणारे पाणी दुसऱ्याला घातक. बोअरचे पाणी फार कठीण असेल तर नळाचे आणि आर. ओ.चे पाणी मिसळावे. गणित सरळ आहे: ३००चे आणि १०चे पाणी समभाग घेतले तर १५५चे होते. ठरवलेले प्रमाण दर वेळी तेच ठेवावे. माशाला पाण्याचा विशिष्ट आकडा जितका महत्त्वाचा, त्याहून त्या आकड्याचे स्थैर्य अधिक महत्त्वाचे.

ज्यांना एवढी खटपट नको, त्यांच्यासाठी मार्ग सोपा आहे. बहुतेक शहरांत धरणाचे नळाचे पाणी, क्लोरीन काढल्यावर, सामान्य माशांना उत्तम चालते. ते बादलीत घेऊन पंपाने एक दिवस हवा द्यावी, म्हणजे साधा क्लोरीन निघून जातो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट वापरावे. जुने छायाचित्रकार ज्याला 'हायपो' म्हणत तेच हे, माशांच्या दुकानात क्लोरीनविरोधी औषध म्हणून मिळते. काही ठिकाणी क्लोरामाइन वापरतात. ते हवेने सहज जात नाही, आणि कोळशाने किंवा हायपोने मोडले तरी मागे अमोनिया ठेवते. तेथे अमोनियाही बांधणारे औषध घ्यावे. एका वेळी पेटीच्या चौथ्या हिश्शाहून अधिक पाणी बदलू नये. आर. ओ.चेच पाणी वापरणे भाग असेल, तर माशांच्या पेटीसाठी मिळणारे क्षारमिश्रण मोजून घालावे. नुसत्या खाण्याच्या सोड्याने अल्कता वाढते, पण कॅल्शियम येत नाही, हे विसरू नये. नवीन मासा आणल्यावर त्याला पिशवीतून थेट पेटीत न सोडता पेटीचे पाणी थोडे थोडे पिशवीत घालून तासाभरात त्याची सवय करून द्यावी. आणि आतापर्यंत आर. ओ.च्या पाण्यावर पेटी चालवली असेल, तर हे ऐकून आज घरी गेल्यावर सगळे पाणी बदलू नका. आधी अमोनिया आणि पी. एच. तपासा, मग आठवड्याला थोडे थोडे करून पाणी वळणावर आणा. चूक सुधारण्याची घाई हीदेखील माशाला मारणारी दुसरी चूक ठरते.

तपासणीची साधने महाग नाहीत. काठिण्य, अल्कता, पी. एच. आणि अमोनिया यांच्या थेंबांच्या बाटल्या एका मोसमात मेलेल्या माशांच्या किमतीत सहज येतात. काही बाटल्यांवर काठिण्य जर्मन अंशांत दिलेले असते. एक अंश म्हणजे लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम, एवढे लक्षात ठेवले की पुरे. घरातील शाळकरी मुलाच्या हाती हे काम द्यावे आणि आकडे वहीत लिहून ठेवावयास सांगावे. रसायनशास्त्राचा याहून चांगला पहिला धडा क्वचितच मिळेल. आणि मासा मेला तर तो का मेला, याचे उत्तर त्या मुलाला मिळेल. 'लाभला नाही' या उत्तरावर त्याला समाधान मानावे लागणार नाही.

श्रोतेहो, माणसाने आपल्या ताब्यात घेतलेल्या प्रत्येक जिवाच्या बाबतीत हाच प्रश्न उभा राहतो. नदीतला मासा पाणी बिघडले तर दुसरीकडे पोहून जाऊ शकतो. काचपेटीतल्या माशाला जाण्यास जागा नाही; आपण ओतू तेच त्याचे जग. त्याला आपल्यासारखे मानून आपल्या ताटातले, आपल्या पेल्यातले देणे ही माया खरी. पण ती अपुरी आहे. ज्याला जे मानवते ते ओळखून देणे ही तिची पुढची पायरी. ती चढण्यासाठी फार मोठी विद्वत्ता लागत नाही. बादली उचलण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि हे पाणी कशापासून शुद्ध केले आहे, व कोणासाठी, असे स्वतःला विचारावे, एवढेच लागते.